विश्लेषण : दम लागण्याच्या भीतीवर नर्सशी संवादाचा उतारा किती परिणामकारक?

‘सीओपीडी’ म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार. तो बरा होत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. मात्र त्याच्यासोबत येणाऱ्या भीतीवर उपचार होऊ शकतात का? ब्रिटनमधील दोन चाचण्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

भीती आणि दम यांचा संबंध काय?

दम लागला की रुग्ण घाबरतो. घाबरला की श्वास उथळ आणि जलद होतो. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छातीत साचते आणि दम आणखी वाढतो. पुढे रुग्ण जिना चढणे, बाजारात जाणे टाळू लागतो. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात आणि थोड्याशा श्रमानेही धाप लागते.

नर्स नेमके काय करते?

ही ‘कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी’, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची संवादपद्धती. ‘आता माझा श्वास बंद पडणार’ हा विचार रुग्णासोबत तपासायचा, श्वास सावकाश सोडायला शिकवायचे आणि टाळलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. छातीच्या आजाराची नर्स इन्हेलर आणि दम दोन्ही ओळखते, त्यामुळे रुग्णाला वेगळ्या मनोविकार विभागात जावे लागत नाही.

न्यूकॅसलमध्ये काय दिसले?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅरेन हेसलॉप-मार्शल यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत २७९ रुग्ण होते. काहींना प्रशिक्षित नर्सकडून थेरपी मिळाली, बाकीच्यांना माहितीपत्रके. तीन महिन्यांनी दोन्ही गटांची चिंता कमी झाली, पण थेरपी घेणाऱ्यांची अधिक. त्यांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले आणि खर्च वाचला.

मग शंका कुठे आहे?

२०२३ मधील ‘टँडम’ या ४२३ रुग्णांच्या, अनेक केंद्रांवरील चाचणीत सहा महिन्यांनंतर चिंता वा नैराश्यात फरक आढळला नाही. तिथेही संवाद साधणारे श्वसनविकारांच्या उपचारातीलच कर्मचारी होते. मात्र त्यात सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेले रुग्ण होते, पद्धतही वेगळी होती आणि मोजमाप उशिरा झाले. म्हणून एका चाचणीने दुसरी खोटी ठरत नाही. एका शहरातले यश सर्वत्र तसेच मिळेल, हे गृहीत मात्र धरता येत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

२०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यांत चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियाही आहेत. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नर्सला अर्धा तास मोकळा मिळणे कठीण. त्यामुळे थेरपीची घाईने नक्कल करण्यापेक्षा आधी स्थानिक चाचणी हवी. पण प्रत्येक रुग्णाला ‘दम लागल्यावर भीती वाटते का?’ हे विचारायला चाचणीची वाट पाहावी लागत नाही. अचानक वाढलेला दम मात्र केवळ भीती समजू नये. तेव्हा लगेच रुग्णालय गाठावे.