आधी मुसकं बांधा

पोळ्याच्या दिवशी, २२ ऑगस्ट २०२५ ला, ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि धुळ्याहून मामांचा फोन आला: "तुना गेम बंद व्हयना का रे?" मामा, बंद झाले ते पैसे लावायचे खेळ. आमच्या वॉरक्राफ्टमध्ये पैसा नुसता जातो, परत येत नाही.

बंद व्हायला हवा होता तो आमचा हंटर. त्याच रात्री क्लासिकमध्ये, म्हणजे गेमच्या जुन्या रूपात, पाच जण नोमरेगनच्या भुयारात उतरलो. कठड्यावरून उडी मारली की बरीच वाट वाचते, हे तुम्हाला सांगायला नको. हंटरनं उडी मारली, त्याच्या पेटनं, म्हणजे पाळलेल्या रानडुकरानं, नाही मारली. त्याला 'फॉलो' एवढंच ठाऊक. ते इमानेइतबारे लांबच्या उतारानं फिरून आलं आणि वाटेतले ट्रॉग, यंत्रं, जे दिसेल ते मागं लावून घेऊन आलं. पाचही जण आडवे. वर हंटर म्हणतो, "गेमचा बग आहे."

बग कसला, भाऊ? उडीच्या आधी पेट डिसमिस करायचा असतो.

कपाशीत कोळपं धरलेला शेतकरी पाहा, जामनेरकडं पाहा नाहीतर अमळनेरकडं. जोडी दोन ओळींमधून चालते आणि दोन्ही बाजूंचा हिरवा पाला बैलांच्या अगदी तोंडाशी येतो. बैल गुणी असतात, घरचे असतात, कालच त्यांना पुरणपोळी भरवलेली असते. तरी मुसकं बांधल्याशिवाय जोडी ओळीत शिरत नाही. यात बैलाचा अपमान नाही. बैलानं पाला ओरबाडला तर कोणी बैलाला बोल लावत नाही, "मुसकं कुठंय?" असं धन्यालाच विचारतात. हंटरच्या पट्टीवर हे मुसकं फुकट दिलेलं आहे. 'पॅसिव्ह' दाबा, पेट आपणहून कोणाच्या अंगावर जात नाही. ग्राउलवर, म्हणजे पेटच्या गुरगुरण्यावर, राइट-क्लिक करा, ऑटोकास्ट बंद होतं आणि टँकनं धरलेला शत्रू डुक्कर स्वतःकडं ओढत नाही. दोन क्लिकचं काम. पण दहाव्या लेव्हलला पेट मिळतो त्या दिवसापासून 'डिफेन्सिव्ह' चालू असतं, ते साठाव्या लेव्हलपर्यंत तसंच राहतं. गोऱ्हा वठणीवर आणायला महिनोन्महिने जातात, इथं वीस सेकंदांत जनावर माणसाळतं. वीस सेकंदांत मिळालेल्याची काळजी कोण घेणार?

२००४ साली गेम बनवणाऱ्यांना हे कळत होतं. पेटला भूक होती, रुसवा होता. खूश असेल तर १२५ टक्के मार, नाराज असेल तर ७५. निष्ठेच्या सहा पायऱ्या होत्या, हेळसांड केली तर जनावर चक्क पळून जायचं. मग 'लोकांना त्रास होतो' म्हणून २००८ मध्ये निष्ठा काढली, २०११ मध्ये खुशीही काढली. उरला तो ट्रॅक्टर. २०१९ ला क्लासिक आलं तेव्हा भूक परत आली आणि मी याच सदरात पेढे वाटले होते. काहींनी ते अजून पचवलेले नाहीत.

माझं ठाम मत आहे, पुरावा मागू नका: ज्याच्या पिशवीत पेटचं खाणं असतं, तो उडीआधी डिसमिस करायला विसरत नाही. बाकीचे त्या मोबाइलवरच्या 'ऑटो' बटणाच्या शाळेत शिकलेले. तिथं हिरो आपोआप लढतो, सोनं आपोआप गोळा होतं, आणि खेळणारा भरीत-भाकरी खात बसतो. भरिताला माझी ना नाही. पण मग त्याला खेळणं कशाला म्हणायचं?

हंटरला विचारलं, डुक्कर खूश आहे का? म्हणाला, चेहरा लाल दिसतोय, पण खायला काही नाही. रानडुक्कर मांस, मासे, पाव, चीज, फळं, अळंबी काहीही खातं. आणि या पठ्ठ्याच्या पिशवीत पावाचा तुकडा नाही! सोनं मात्र दाबून ठेवलेलं, घोडा घ्यायचाय म्हणे.