सरासरीत हरवलेली बाळंतीण

२००१-०३ साली महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत हा आकडा ३३ वर आला. देशाचा तेव्हा ९७ होता. यश मोठे आहे, नाकारायचे कारण नाही. पण या ३३ मध्ये पुणे आले, चंद्रपूरची जिवती आली अन् गडचिरोलीचे भामरागडही आले. जिल्ह्याचा वेगळा आकडा या नोंदणीतून निघतच नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला. अशा वेळी पलीकडच्या गावात बाई अडली तर? बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही की काही तासांत जीव जातो. आधीच अंगात रक्त कमी, त्यात खाटेवरून नाला ओलांडायचा. जननी सुरक्षेचे पैसे तिथे काय कामाचे?

दिवस भरण्याआधी तिला दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवणे, हा उपाय आपल्याकडे आहे. पण ऐन रोवणीत घर अन् लेकरे कोणावर सोडायची? सोबतच्या सासूची बुडीत मजुरी हातात पडली तर ती निघेल, नाहीतर नाही.

तेव्हा मे महिन्याच्या ग्रामसभेत उठून एवढे विचाराच: पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या गावातल्या बाया किती, अन् त्यांना नदीअलीकडे कोण, कधी आणणार?