पट्ट्याची घाई कशाला?



दर तीन महिन्यांनी पट्टा बदलला नाही तर मुलं कराटे सोडतात, हे गेल्या अंकातल्या पत्रातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ज्यूदोत सुरू केलेली श्रेणीपद्धत कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये कराटेत आणली, ती विद्यार्थ्याची तयारी जोखण्यासाठी. मी मुलांना शिकवते. परीक्षेपुरता काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, घोटून पाठ होतो, पण ठोसा मारताना मागची टाच उचलते आणि दुसरा हात कमरेशी परततच नाही. वरचा पट्टा मिळाला की ही खोड अंगवळणी पडते, मग काढता काढता नाकीनऊ येतात. पालकांनो, परीक्षेची फी भरण्याआधी सरांना विचारा, मुलाचं नेमकं काय कच्चं आहे? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका.

– एक कराटे प्रशिक्षिका, सांगली