बंगल्याची किल्ली आणि आपले नाव



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की लोणावळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. मुंबईकडून आणि पुण्याकडून गाड्यांच्या रांगा लागतात. शाळांना नाताळची सुट्टी, कचेऱ्यांत रजा आणि वर थर्टी फर्स्ट. रस्त्याच्या कडेला तरुण पोरे हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी असतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारतात, "बंगला पाहिजे का साहेब, बंगला?"

याच आठवड्यात आपलेही दिवस येतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. २५ डिसेंबर १९५४ रोजी पूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. १ जानेवारीला समाज भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला लोटतो. लोणावळ्याहून लोकलने देहूरोड फार लांब नाही. तरी दरवर्षी आम्ही वस्तीत निरोप घेऊन गेलो की तेच उत्तर मिळते, "भाऊ, सीझन आहे. आज सुट्टी मागितली तर उद्या काम नाही."

आम्ही त्यांना दोष देत नाही. पोट कोणाला चुकले आहे? पावसाळ्यातले शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना, एवढ्यावर वर्षाची बेगमी करायची. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याच घरांनी भरलेल्या गावातील रिकामी चूल पाहिली आहे.

या गावाचा धंदा दोन पायांवर उभा आहे. एक पर्यटन आणि दुसरा जमीन-जुमला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि शहरातल्या माणसाला डोंगरातले दुसरे घर जवळचे वाटू लागले. डोंगरउतारावर बंगले उठले, इमारती उठल्या. त्या कामात आपली माणसे पायापासून आहेत. कोणी बिगारी, कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला. बांधकाम संपले की त्यातलाच एखादा वॉचमन होतो, बायको स्वयंपाक आणि धुणीभांडी धरते. आता दहावी-बारावी झालेली मुले एजंट म्हणून फिरतात. घर बांधणारे आपले, राखणारे आपले आणि आता विकणारेही आपलेच. पण कागदावर आपण कुठे आहोत? गेल्या डिसेंबरात घडलेल्या एका प्रसंगाने हा प्रश्न आमच्यासमोर उभा केला.

एका संध्याकाळी आमच्या ओळखीचा एक मुलगा घरी आला. जागा दाखवण्याचे, सौदे जुळवण्याचे काम करतो. हुशार आहे, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो. चहा झाला तरी बोलेना. शेवटी म्हणाला, "काका, मळवलीच्या बाजूचा एक बंगला विकून दिला. आजवरचं सगळ्यात मोठं कमिशन आहे. पण घेणाऱ्याला रिकामा ताबा पाहिजे. मागच्या खोलीत वॉचमन राहतो. मालकाने त्याला आठ दिवसांत निघायला सांगितलंय. तो आपलाच माणूस आहे, काका. त्याची पोरगी दहावीला आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बंगल्यावर गेलो. पुढच्या बाजूला पाहुणे उतरलेले, गाणी लावलेली. मागे दहा बाय दहाची पत्र्याची खोली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मुलीची पुस्तके नीट रचलेली. तो भाऊ म्हणाला, "साहेब, या बंगल्याचा पाया खोदला तेव्हा मी घमेली वाहिली. काम झाल्यावर मालक म्हणाले, राहा इथंच. चौदा वर्षं झाली. वकील म्हणतो, इतकी वर्षं राहिलास तर खोली तुझीच."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, कारण खोटी आशा ही कर्जापेक्षा महाग पडते. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. गोव्यातील एका घराच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, की राखणदार किंवा नोकर म्हणून माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्या जागेवर त्याचा मालकीहक्क तयार होत नाही. मालकाने मागितली की जागा सोडावी लागते. तेव्हा खोलीच्या मागे लागून वकिलाची फी भरू नका. केलेल्या कामाचे मागा.

मग आम्ही वही काढली. हिशेबाची सवय अशा वेळी उपयोगी पडते. पगार किती? रोख मिळत होता, सही कुठेच नाही. हजेरी नाही, पावती नाही. पगार नवऱ्याचा ठरलेला. पण पाहुणे आले की स्वयंपाक कोण करी, चादरी कोण धुई, संडास-बाथरूम कोण घाशी? सगळे वहिनींनी केलेले. त्याचे वेगळे पैसे चौदा वर्षांत कधी मिळाले नाहीत. पाहुण्याने खुशीने दिले तेवढेच. आम्ही विचारले, "वहिनी, मालक तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वॉचमनची बायको. नाव त्यांना ठाऊकच नाही."

रविवारी मालक आले तेव्हा आम्ही, तो मुलगा आणि वस्तीतील दोन ज्येष्ठ मंडळी जाऊन भेटलो. आवाज चढवला नाही. मालक म्हणाले, "आम्ही त्याला घरच्या माणसासारखं वागवलं." आम्ही म्हणालो, "मान्य आहे. पण घरच्या माणसाला कोणी आठ दिवसांत काढत नाही." वही पुढे ठेवली. ते बराच वेळ पाहत राहिले. इकडे आमच्या त्या मुलाने घेणाऱ्याला सगळी हकीकत स्वतः फोनवर सांगितली. सौदा मोडला असता तर त्याचे कमिशन गेले असते, हे ठाऊक असून सांगितली. सौदा मोडला नाही. मुलीची परीक्षा संपेपर्यंत खोली राहू द्यायची, तीन महिन्यांचा पगार द्यायचा आणि वहिनींच्या कामाचे म्हणून काही रक्कम वेगळी द्यायची, असे ठरले. या वेळी कागद केला. त्यावर वहिनींचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यांनी स्वतः सही केली.

हा विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. चौदा वर्षांच्या मानाने हाती आले ते थोडेच. आज ते कुटुंब तळेगावच्या बाजूला भाड्याच्या खोलीत आहे.

त्या बंगल्यावरून परत येताना समोर कार्ल्याचा डोंगर दिसत होता. वाचकांपैकी अनेकजण तेथे मुलाबाळांसह गेले असतील. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह आपल्या धम्माचा ठेवा आहे. पण तेथील ब्राह्मी लेखांत काय लिहिले आहे हे आपण मुलांना सांगतो का? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचे नाव आहे, तो धनिक होता. पण त्याच लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी, याने दार केले, असे दगडात कोरले आहे. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचेही आहे. तथागतांच्या संघाने सुताराचे नाव बापाच्या आणि गावाच्या नावासह श्रेष्ठींच्या पंक्तीला बसवले. आज दोन हजार वर्षांनी आपण ते वाचू शकतो. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी आपल्या भावाने बंगला बांधला, चौदा वर्षे राखला, तर त्याचे नाव साध्या हजेरीपत्रकावर सापडत नाही.

म्हणून या सीझनला आमचे एकच सांगणे आहे. आपले नाव कागदावर आणा.

बांधकामावर जाणाऱ्या भावाबहिणींनो, १९९६ साली तुमच्यासाठी कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, तो तुमच्या कल्याणासाठी आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवा. वय १८ ते ६० हवे आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला ठेकेदाराकडून काम चालू असतानाच मागा. साईट संपली की ठेकेदार फोनही उचलत नाही. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला आणि अपघाताला मंडळाच्या योजना आहेत. मात्र एकदा नोंदवून भागत नाही, नूतनीकरण वेळेवर करावे लागते.

बंगल्यांत आणि घरांत काम करणाऱ्या भगिनींनो, तुमच्यासाठी २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. ई-श्रमची नोंदणीही २०२१ पासून होते आहे. त्याशिवाय घरात एक साधी वही ठेवा. तारीख, काम, मिळालेले पैसे. जमल्यास पगार बँकेत मागा. नवऱ्याच्या पगारात तुमचे काम फुकट घालू देऊ नका.

एजंटचे काम करणाऱ्या तरुणांनो, तुमचा धंदा हलका नाही. पण रस्त्यावर किल्ली हलवण्यापाशी थांबू नका. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पातील फ्लॅट, प्लॉट किंवा बंगला विकून द्यायचा तर एजंटाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय काम केले तर दिवसाला १०,००० रुपये दंड लागू शकतो. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली आहे. अभ्यास करा, परीक्षा द्या, आपल्या नावाचे प्रमाणपत्र मिळवा. सौदा करताना मागच्या खोलीत कोण राहतो हेही बघा. त्या मुलाने बघितले, म्हणून एक मुलगी परीक्षेला बसू शकली.

शेवटी घराचे. सीझनचा पैसा हातात येतो तसा जातो. थर्टी फर्स्टला साहेबांनी रिकाम्या केलेल्या बाटल्या उचलता उचलता आपली पोरेही त्याच वाटेला लागतात, हे आम्ही पाहतो आहोत. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो, ते याच रात्रीसाठी आहे. त्या आठवड्यातील निम्मी तरी कमाई पोस्टात किंवा बँकेत टाका. पुढे घर घ्याल तेव्हा बिल्डरचा रेरा क्रमांक तपासा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम देऊ नका, कायदा तेवढीच घेऊ देतो. आणि जमल्यास घर बायकोच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडल्यावर १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या लेकींच्या नावावर एक खोली तरी असावी.

कालच तो भाऊ भेटला. मुलगी दहावी पास झाली, कॉलेजला जाते. स्वतः पुन्हा गवंड्याच्या हाताखाली साईटवर जातो. खिशातून जपून एक कार्ड काढून दाखवले. कामगार मंडळाचे. वर फोटो, खाली नाव. म्हणाला, "पहिल्यांदा छापून आलं बघा, साहेब."

येत्या २५ डिसेंबरला एक दिवस सुट्टी काढून सगळे देहूरोडला येणार आहेत, वहिनीसुद्धा. आपणही या. येताना सोबत कागदपत्रांची पिशवी आणा. वंदना झाल्यावर आम्ही बाजूला बसून अर्ज भरून देऊ.

जयभीम.