पडद्यापलीकडचा विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले. दारे यथावकाश उघडली. पडदा मात्र हटला नाही. आज शाळांचा गृहपाठ, शिकवण्यांची टिपणे आणि नोकरी सांभाळून दूरशिक्षण घेणाऱ्यांच्या शंका याच मार्गाने ये-जा करतात. या साधनाच्या खर्चाची आणि सोयीची चर्चा पुष्कळ झाली. पडद्यापलीकडच्या विद्यार्थ्याशी बोलावे कसे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

वर्गात शिक्षकाला चेहरे दिसतात. कपाळावरची आठी, थांबलेली लेखणी, शेजाऱ्याच्या वहीकडे वळलेली नजर, यांवरून गाडे कोठे अडले ते त्याला न विचारता कळते. पडद्यावर ही सोय नाही. ‘समजले का?’ असे विचारताच ‘हो सर’, ‘हो बाई’ अशी उत्तरे उमटतात आणि धडा पुढे सरकतो. ज्याला समजले नाही तो गप्प राहतो; त्याचे मौन संमती ठरते. तेथे प्रश्नच निराळा हवा : ‘हे उदाहरण तू कसे सोडविलेस, ते सांग.’

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली होती. त्याच वर्षी शहरातील नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. कारण घरोघरी मोबाईल नव्हते. दोन्ही प्रयत्न गौरवास्पद खरे. परंतु संकेत काय किंवा भिंत काय, विद्यार्थ्याला धड्यापर्यंत नेते. त्याच्या शंकेला उत्तर देत नाही. ते काम माणसाचेच आहे.

आणि उत्तर देणे ही एक विद्या आहे. ‘चूक’ एवढा एकच शब्द पाठविणे म्हणजे उत्तर नव्हे. विद्यार्थ्याला नावाने हाक मारावी. बरोबर काय आले ते आधी सांगावे. चुकले कोठे ती नेमकी पायरी दाखवावी. पुढे काय करावयाचे तेही सांगावे. दोष दाखवावयाचा तर सगळ्या वर्गासमक्ष नव्हे, एकट्यालाच. समोरासमोर कठोर शब्दाची धार शिक्षकाच्या हसण्याने बोथट होते. लिहिलेला शब्द राहतो आणि पुनःपुन्हा बोचतो. आपल्या शहरात तर मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी वाक्य सोपे व आखूड हवे; जमेल तेथे लिहिण्याऐवजी आवाजात सांगावे. घरातला एकुलता मोबाईल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर उत्तर रात्री वाचले जाणार, हेही ध्यानी ठेवावे.

यावर शिक्षक म्हणतील, साठ-साठ मुलांना एकेकट्याने उत्तर कधी द्यावयाचे? आक्षेप रास्त आहे. शाळा सुटल्यावरही त्यांचा मोबाईल वाजत राहतो आणि ते काम कोणी कामात धरीत नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले. पण घरी पुस्तके पाठवून ते थांबले नाही, अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रेही ठेविली. त्यातील मर्म शाळाचालकांनी ओळखावे. शंकांना उत्तरे देण्याचा तास वेळापत्रकात घालावा, तो अध्यापनाचाच तास म्हणून मोजावा आणि उत्तर केव्हा मिळेल ते विद्यार्थ्यांना आधी कळवावे. एवढी व्यवस्था करण्यास नवे यंत्र लागत नाही.

गप्प बसलेला विद्यार्थी तक्रार करीत नाही. तो एके दिवशी दिसेनासा होतो. हजेरीपटावर त्याची नोंद होते, कारणाची होत नाही. ती वेळ येण्यापूर्वी त्याला कोणीतरी नावाने हाक मारली पाहिजे.