जुनी नोट म्हणजे रद्द नोट नव्हे



बाजारात नव्या रंगाची नोट आली की वस्तीत कुजबुज सुरू होते, "जुनी आता बंद होणार!" भाजीवाला जुनी नोट उलटून-पालटून पाहतो, रिक्षावाला मान हलवतो आणि घरातली बाई घाबरून जाते. कारण तिची शिल्लक बँकेच्या पुस्तकात नसते. ती पिठाच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत नाहीतर ट्रंकेच्या तळाशी असते. म्हणून नोट मागे घेणे आणि नोट रद्द करणे यांतला फरक आम्ही आज सांगणार आहोत.

नोट मागे घेण्याचे काम गुपचूप, रोजच चालू असते. आपण दुकानात दिलेली नोट फिरत फिरत बँकेत जाते. तेथून ती करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या तिजोरीत पोहोचते. मळक्या, फाटक्या आणि मागे घ्यायच्या नोटा निवडून बाजूला काढल्या जातात. त्या पुन्हा लोकांना दिल्या जात नाहीत. यंत्रात त्यांचे बारीक तुकडे करून, दाबून विटा बनवतात. यात कोणाचा एक पैसाही बुडत नाही.

कधी याची जाहीर घोषणाही होते. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या नोटा परत मागितल्या. ओळख सोपी होती : ज्या नोटेच्या मागच्या बाजूला खाली छपाईचे साल नाही, ती जुनी. बदलून घेण्याची मुदत पुढे जून २०१६ पर्यंत वाढत गेली. पण त्या नोटा कायदेशीर चलन राहतील, हे बँकेने स्पष्ट सांगितले होते. मे २०२३ मध्ये दोन हजाराची नोट मागे घेतली, तेव्हाही तसेच सांगितले. बँकांतली मुदत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ही सोय ठेवली. आपल्याकडची कार्यालये मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथे आहेत. नोटा टपालाने पाठवण्याचीही सोय दिली.

नोट रद्द करणे ही गोष्टच वेगळी. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ मध्ये तशी तरतूद आहे. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने शिफारस करायची आणि केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करायचे. असे झाले की मुदतीनंतर नोटेचा कागद होतो. १९४६ साली पाचशे, हजार व दहा हजाराच्या, तर १९७८ साली हजार, पाच हजार व दहा हजाराच्या नोटा वटहुकूम काढून रद्द केल्या. त्या नोटा मजुराने डोळ्यांनी पाहिल्याही नव्हत्या. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हजाराबरोबर पाचशेची नोट गेली आणि ती मजुराच्या खिशात होती. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच पुढे सांगितले. मग बुडाले कोण? ज्या म्हातारीला ३० डिसेंबरनंतर ट्रंकेत नोट सापडली ती, आणि रांगेत उभे राहायला खाडा परवडत नाही म्हणून दलालाला कमिशन देऊन नोटा बदलणारा मजूर.

चलन काढणाऱ्याच्या हाती मनमानी अधिकार नसावा, असे बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात आग्रहाने मांडले होते. चलनाचा प्रश्न हा आपल्या चुलीचा प्रश्न आहे, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

आता करायचे काय? अफवेवर नोट विकू नका. २०२१ च्या जानेवारीत शंभर, दहा आणि पाचच्या जुन्या नोटा बंद होणार अशी आवई उठली होती. रिझर्व्ह बँकेने ती लगेच खोटी ठरवली. नवी नोट आल्याने जुनी आपोआप रद्द होत नाही. मळकी-फाटकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मागता येते, त्यासाठी खाते लागत नाही. कोणी नाही म्हटले तर कारण लेखी मागा. आणि भगिनींनो, डब्यातली शिल्लक वर्षातून एकदा तरी बाहेर काढून मोजा व स्वतःच्या नावाच्या खात्यात भरा. ते पुस्तक मात्र तुमच्याच हाती राहू द्या.