घर पाहावं टोलीत राहून!

‘‘वहिनी, आता तरी निघा त्या टोलीतून. लेक मोठी होतेय. उद्या स्थळं यायला लागली की पत्ता काय सांगणार?’’

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आलेल्या माझ्या नणंदबाईंनी भर पंगतीत हा प्रश्न टाकला, आणि माझ्या हातातली वाढायची वाटी तशीच राहिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या कॉलनीतला एक फ्लॅट विकायला निघाला होता. आमचे हे एका शाळेत लिपिक आहेत, निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत, कर्ज मिळण्यासारखं आहे. त्या रात्रीपासून आमच्या घरात एकच विषय. राहायचं, की निघायचं?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरात हा विषय निघाला असेल! गाव बदललं तरी प्रश्न तोच. म्हणून आज जरा मोकळेपणानं लिहिते.

गोंदियाबाहेरच्या मैत्रिणींसाठी आधी सांगते, आमच्याकडे टोली म्हणजे वस्ती. रेलटोली, मरारटोली, गड्डाटोली, सिंगलटोली... आमच्या शहराच्या निम्म्या पत्त्यांत टोली आहेच. त्यातल्या काही आता चांगल्या बाजारपेठा झाल्यात, काही अजून मजुरांच्याच आहेत. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. रेल्वे आली, विडीचे कारखाने आले, धानाच्या गिरण्या आल्या. या सगळ्यांसाठी राबणारी माणसं मग रुळांच्या आणि गिरण्यांच्या आडोशाला झोपडी टाकून राहिली. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेबलोकांच्या कॉलन्या वाढल्या, जागेचे भाव चढले. आमच्यासारखी मधली माणसं, धड साहेब नाहीत की धड मजूर नाहीत, परवडेल तिथे प्लॉट घेत टोलीच्या कडेला सरकली. आम्ही २००६ मध्ये आलो, तेव्हा लेकीचा जन्मही व्हायचा होता. माझ्या टोलीचं नाव मात्र इथे लिहीत नाही. का, ते शेवटी सांगते.

तर मी बी.ए., अर्थशास्त्र हा माझा विषय. लेकीच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे तोटे, उजवीकडे फायदे.

तोट्यांची बाजू भराभर भरली. गिरण्यांचा हंगाम सुरू झाला की दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत त्यावर भुशाचा थर बसतो. सासूबाईंचा खोकला दिवाळीला सुरू होतो तो होळीपर्यंत थांबत नाही. उकड्या तांदळाच्या गिरणीतलं धान भिजवलेलं पाणी नालीत येतं, आणि तो आंबूस वास पाहुण्यांना पहिल्यांदा दारातच भेटतो. पावसाळ्यात तीच नाली अंगणात. नळ येतो, पण कधी येईल ते त्यालाच ठाऊक.

दुसरा तोटा दारूचा. यावर मी वीस वर्षांपासून इथल्या बायकांबरोबर काम करते, म्हणून सांगते. परवान्याचं दुकान असेल तर आपल्या महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’चा रस्ता आहे. वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर मत दिलं तर दुकान बंद होतं. पण हातभट्टीला ना परवाना, ना पाटी. तिच्याविरुद्ध कोणतं मतदान घ्यायचं? एका दारामागची बंद झाली की दुसऱ्या दारामागे सुरू. संध्याकाळी सात वाजल्यानंतर गल्लीच्या त्या टोकाला लेकीनं जाऊ नये, हा आमच्या घरचा नियम आहे. लेकीला सांगितलेला हा नियम मला स्वतःलाच टोचतो.

तिसरा तोटा कागदाचा. शेतीच्या जमिनीचे तुकडे पाडून विकलेले हे प्लॉट. घेताना स्वस्त पडले, पण बँक त्यावर सहज कर्ज देत नाही आणि विकायला काढलं तर भाव येत नाही. अशा घरांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेता आली. पण अर्ज, नकाशा, मोजणी, शुल्क हे सगळं ज्याला वाचता-लिहिता येतं त्यालाच जमतं. जागेचा कागद नसला की घरकुल योजनेतही बरेचदा तिथेच गाडी अडते. आमच्या गल्लीत नवऱ्याच्या आजोबांपासून राहणाऱ्या बाया आहेत. त्यांच्याकडे जागेचा पुरावा म्हणून जपून ठेवलेली काय तर विजेची बिलं!

आणि शेवटचा तोटा, नणंदबाईंनी दाखवलेला. पत्ता. लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं एकदा सहज विचारलं होतं, ‘‘तिकडून येतेस होय? बरी राहतेस गं मग!’’ वाक्य कौतुकाचं होतं, पण लेक घरी येऊन जेवली नाही.

एवढं लिहून झाल्यावर उजवी बाजू रिकामी पडलेली बघून मलाच भीती वाटली. मग आठवून आठवून लिहायला लागले.

पहिला फायदा अर्थातच पैशाचा. टोलीत राहिलो म्हणून लेकीच्या शिकवणीची फी भरता आली आणि डोक्यावर कर्ज राहिलं नाही. बाजार पायी, स्टेशन पायी.

दुसरा फायदा शेजाराचा. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. हे बाहेरगावी. मी दार उघडून नुसती हाक मारली. चार हमाल उठून आले, खाटेसकट सासूबाईंना रस्त्यापर्यंत नेलं, एकानं ऑटो काढला. सकाळी दवाखान्यातून परत आले तर माझ्या चुलीवर कुणीतरी भात शिजवून ठेवलेला. नणंदबाईंच्या कॉलनीत त्यांच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. तेही छत गळायला लागलं म्हणून!

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गिरण्या थांबल्या, विडीचं पान येईना. ज्यांच्या घरात रोजच्या कमाईवर चूल पेटते, त्यांच्याकडे आठ दिवसांत डबे वाजायला लागले. तेव्हा आमच्या बचत गटाच्या बायांनी एक पातेलं ठरवलं. ज्याच्याकडे तांदूळ त्यानं तांदूळ आणायचा, ज्याच्याकडे सरपण त्यानं सरपण, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं वाढायला यायचं. काहीच नसलेल्या माणसालाही मान राखून जेवता यावं, ही युक्ती माझ्यासारख्या शिकलेलीला सुचली नव्हती. एका अंगठाबहाद्दर आजीनं ती सुचवली.

तिसरा फायदा लेकीच्या सुरक्षिततेचा. हसू नका! आमच्या गल्लीत सकाळपासून दारादारात बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. हात सुपात, पण डोळे रस्त्यावर. कोण आलं, कोण गेलं, कुणाची पोर रडत घरी आली, सगळं त्यांना दिसतं. अनोळखी पोरगा दोनदा गल्लीत फिरला तर तिसऱ्यांदा त्याला विचारणा होते. माझी लेक या डोळ्यांसमोर वाढली.

इथे मात्र माझं पेन थांबलं. कारण जी बाई दारात बसल्यामुळे माझी लेक सुरक्षित राहिली, ती तिथे काही हौसेनं बसलेली नसते. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी मिळते, त्यातून खराब म्हणून काढलेल्या विड्यांचं नुकसान तिचंच. जर्द्याची धूळ तिच्या छातीत जाते, आणि तान्हं बाळ सुपाशेजारीच झोपलेलं असतं. माझ्या यादीतला फायदा तिच्या यादीत कुठल्या बाजूला येईल? टोलीतलं जिणं किती जिव्हाळ्याचं, असं हल्ली भाषणांत ऐकलं की मला ती खोकणारी बाई आठवते. जिव्हाळा खरा आहे. पण बराचसा गरजेतून आलेला आहे, हेही खरं आहे.

मग वाटतं, गरज भागली की जिव्हाळा संपायलाच हवा का? आपल्याच महाराष्ट्रात याची उत्तरं आहेत. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पोळ्या लाटणाऱ्या बायांना बँकेचं कर्ज मिळालं, ते त्या एका वस्तीत एकत्र होत्या म्हणूनच. सोलापूरच्या विडी कामगार बायांचं तर उदाहरण फार मोठं. नरसय्या आडम मास्तरांच्या बरोबर त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, स्वतःची वर्गणी भरली. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं विडी कामगारांची झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगरमधल्या आणखी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. त्यांनी मोर्चात शेजारीण सोडली नाही, म्हणून नव्या घरातही कष्टकऱ्यांचाच शेजार मिळाला!

पान भरलं. यांना वाचायला दिलं. ते फार बोलत नाहीत. चष्मा काढून एवढंच म्हणाले, ‘‘डावीकडचं सगळं अर्ज करून सुटण्यासारखं आहे. उजवीकडचं अर्ज करून मिळणारं नाही.’’

मी पुन्हा वाचलं. खरंच की! भुसा अडवायला गिरणीला यंत्र बसवता येतं. नाली बांधता येते, नळाची वेळ ठरवता येते, भट्टीवर छापा पडू शकतो, घराचा कागद होऊ शकतो. आपण टोलीला नावं ठेवतो, पण त्यातले बहुतेक दोष टोलीनं केलेले नाहीत. नाली कॉलनीतही लागते, फक्त तिथे ती आधी बांधली जाते. कारण तिथे अर्ज लिहिणारं माणूस घरोघरी असतं.

आणि नेमकं इथेच आमचं घोडं पेंड खातं. टोलीतलं जे घर थोडं वर येतं, ज्या घरातली सून पदवीधर असते, ते घर पहिल्यांदा टोली सोडतं. माझ्या डोळ्यांसमोर अशी सहा घरं गेली. प्रत्येक घराबरोबर अर्ज लिहिणारा एक हात गेला. उरलेल्यांची नाली मग आणखी पाच वर्षं तशीच. आमच्या जाण्याची कुणकूण लागली तेव्हा समोरची विडी वळणारी बाई इतकंच म्हणाली, ‘‘ताई, तुमी जासान तं आमचे कागद कोन लिवन?’’ तिनं डोळ्यांत पाणी आणलं नाही, हात धरला नाही. नुसतं विचारलं. मला रात्रभर झोप नाही.

पण मैत्रिणींनो, समाजकार्य आपण करायचं आणि किंमत लेकीनं मोजायची, हेही मला पटत नाही. म्हणून तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, ‘‘मला इथून जायचं नाहीये. मला अभ्यासाला बंद होणारं एक दार हवंय.’’ एवढी साधी मागणी, आणि आम्ही फ्लॅट बघत फिरत होतो!

तर असं ठरलंय. फ्लॅट घेत नाही. गच्चीवर एक खोली काढतोय, तिला दार आणि दोन खिडक्या. गुंठेवारीचा अर्ज आमच्या दोघांच्या नावानं करतोय, आणि आमच्याबरोबर गल्लीतले आणखी अकरा अर्ज. प्रत्येकात घरातल्या बाईचं नाव घालायचं, हा माझा हट्ट. परीक्षेच्या दिवसांत रात्री नऊनंतर भोंगा बंद, हे बचत गटाच्या बैठकीत ठरवून घेतलंय. किती पाळलं जाईल ते बघू.

निघून गेलेल्यांना मी दोष देत नाही. ज्या बाईला नवऱ्याच्या पिण्यापायी, आजारापायी किंवा पोरांपायी निघावंसं वाटतं, तिनं जरूर निघावं. उद्या माझ्या लेकीलाही जावंसं वाटलं तर मी आडवी येणार नाही. फक्त गेलेल्यांनी महिन्यातून एक रविवार परत यावं, पेन घेऊन. आणि हे दोन स्तंभ मांडायची सोय आपल्याला आहे, शेजारणीला नाही, हे विसरू नये.

आता नावाचं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं कुठलाही फॉर्म भरताना मी पत्त्यातलं टोलीचं नाव गाळून नुसतं ‘मेन रोड, गोंदिया’ लिहीत आले. परवा लेकीनं प्रवेशाचा फॉर्म भरला. मी शेजारी उभी होते. तिनं घर क्रमांक लिहिला, मग टोलीचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेली.

मला इथे ते अजून लिहवलं नाही. तुम्ही तुमच्या पत्त्यात काय लिहिता?